गंध मुलुखभर, फूल एका कड्यावर

धार जिल्ह्यात विंध्याचा घाट उतरून मनावरकडे आले की माळव्याची काळी सपाट जमीन मागे पडते आणि निमाड सुरू होतो. उघडे खडकाळ उतार, साग-सालईचे विरळ रान, आणि पाऊस ओसरला की निमाडच्या अशा उतारांवर माणसाच्या उंचीला जाणारे, तांबूस तुऱ्यांचे एक गवत. त्याचे पान चुरगळून नाकाशी धरले तर गुलाबाचा वास येतो. मराठीत याला रोशा किंवा तिखाडी म्हणतात, वनस्पतिशास्त्रात सिम्बोपोगॉन मार्टिनी. प्रदेशनिष्ठ, दुर्मीळ रानफुलांवरच्या पुस्तकाची प्रस्तावना एका गवतापासून, तेही अर्ध्या देशात उगवणाऱ्या गवतापासून का सुरू करावी, असे वाचकाला वाटेल. पण वनस्पतींची रसायने आणि रानफुलांचे दुर्मीळपण यांच्या नात्याबद्दल मला जे म्हणायचे आहे, ते रोशाला बाजूला ठेवून म्हणता येत नाही.

खानदेश आणि निमाडच्या रानांत रोशाचे तेल काढण्याचा धंदा फार जुना. गवत फुलोऱ्यावर आले की ओढ्याकाठी भट्ट्या लागत. हंड्यात गवत कोंबायचे, पाणी घालायचे, झाकण लिंपून घ्यायचे आणि निघणारी वाफ नळीने थंड पाण्यात बुडवलेल्या भांड्यात उतरवायची. पाण्यावर तरंगणारे तेल मुंबईला जाई आणि तेथून तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे कॉन्स्टँटिनोपलला. तिथे त्याचा उपयोग काय, तर गुलाबाच्या अत्तरात भेसळ. बल्गेरियातल्या अत्तरवाल्यांनी तर पाकळ्यांवरच हे तेल शिंपडून मग अर्क गाळण्याची शक्कल काढली होती. ही भेसळ सहज पकडता येत नसे, कारण रोशाच्या तेलात मुख्य असलेला जिरॅनिऑल हा रेणू गुलाबाच्या अत्तरातही भरपूर असतो. निमाडच्या उतारावरचा रेणू आणि गुलाबाच्या पाकळीतला रेणू, दोन्ही शेजारी ठेवले तर नुसत्या रचनेवरून कोणताही रसायनज्ञ त्यांची गावे सांगू शकणार नाही.

रोशाची खरी गंमत पुढेच आहे. तेल काढणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते की हे गवत दोन प्रकारचे असते: मोतिया आणि सोफिया. १९०९ साली आय. एच. बर्किल यांनी शास्त्राच्या भाषेतही हे दोन प्रकार वेगळे नोंदवले. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखी. सुकवून कागदावर चिकटवलेला नमुना पाहून फरक सांगणे तज्ज्ञालाही जड जाते. मोतिया उघड्या, कोरड्या, निचऱ्याच्या उतारांवर सुट्या झुबक्यांनी वाढते. सोफिया खालच्या ओलसर जागी दाटीने माजते. मोतियाच्या तेलात तीन चतुर्थांशाहून अधिक जिरॅनिऑल. सोफियाच्या तेलात ते कमी आणि त्याच्या जोडीला पेरिलिल अल्कोहोलसारखी वेगळीच मंडळी. म्हणून त्या तेलाला भावही कमी. अजून दोन जाती झालेल्या नाहीत, फुलांचा आकार बदललेला नाही, पण आतली रसायनशाळा मात्र वेगळी झाली आहे. नव्या जातीच्या जन्माची पहिली पावले कशी पडत असतील हे पाहायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. आणि ती पावले नाकाने ओळखता येतात, हे विशेष.

वनस्पती ही रसायने करतात तरी कशाला? बरीच वर्षे याचे उत्तर फार निरुत्साही होते. साखर, प्रथिने, मेद ही झाडाची खरी गरज; बाकी अल्कलॉइडे, टॅनिने, सुगंधी तेले म्हणजे चयापचयातला टाकाऊ माल, असे मानत. १९५९ साली गॉटफ्रीड फ्रेंकेल यांनी हे मत उलटे केले. त्यांचे म्हणणे असे की ही रसायने किड्यांना दूर ठेवण्यासाठी आहेत, आणि जे थोडे किडे त्यांना सरावले, त्यांना तीच रसायने आपल्या झाडाची खूण म्हणून उपयोगी पडतात. पुढे १९६४ मध्ये पॉल अर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी फुलपाखरे आणि त्यांच्या अळ्यांची खाद्यझाडे यांचा ताळा मांडला. वनस्पतीने नवे विष केले की तिला काही काळ मोकळे रान मिळते आणि तिच्या वंशाला फाटे फुटतात. मग एखादा किडा त्या विषावर मात करतो आणि त्याच्याही वंशाला फाटे फुटतात. या पुस्तकातली निम्मी प्रकरणे त्या एका कल्पनेच्या अंगणात बसून लिहिलेली आहेत.

आपल्याकडचे साधे उदाहरण रुईचे. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात. जनावर तोंड लावत नाही. पण पट्टेरी अंगाची अळी तिथेच बसून पाने कुरतडते, मोठी होते आणि तिचे प्लेन टायगर फुलपाखरू होते. त्याच्याच गोतातल्या मोनार्क फुलपाखरात शास्त्रज्ञांनी पाहिले की पेशीतला सोडियम पंप, म्हणजे ज्यावर हे विष घाव घालते ते प्रथिन, नेमक्या जागी बदललेला आहे. विष तेच, पण त्याला बसायला खोबण राहिलेली नाही. ही फुलपाखरे दुसराही एक उद्योग करतात. पावसाळ्यात खुळखुळ्याच्या तुटक्या, वाळत चाललेल्या फांदीवर निळसर पट्ट्यांची ब्लू टायगर फुलपाखरे घोळक्याने बसलेली दिसतात, आणि नीट पाहिले तर ती बहुतेक नरच असतात. मधाचा तिथे थेंबही नाही. सोंड टेकवून, ओलसर करून ती फांदीतली पायरोलिझिडीन अल्कलॉइडे शोषत असतात. त्याच मालापासून मादीला रिझवायचा गंध तयार होतो. खुळखुळ्याने गुरांच्या यकृताला घातक असे विष केले, आणि फुलपाखराने त्यातून अत्तर काढले.

नवे रसायन झाडाला कसे साधते, हे समजायला माळव्याइतका योग्य मुलूख नाही. नीमच, मंदसौर, रतलामच्या शेतांत परवान्याने अफू पिकते; एके काळी माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि त्या व्यापाराची मिळकत संस्थानांच्या खजिन्यांतही पडत होती. या बोंडाच्या चिकात मॉर्फीन कसे तयार होते याचा एक महत्त्वाचा दुवा यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवला: पूर्वी वेगवेगळी असलेली दोन जनुके एकमेकांना जोडली जाऊन एकच झाले आणि मॉर्फीनच्या वाटेवरचे अडलेले दार उघडले. २०१८ मध्ये अफूचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा सुमारे ७८ लाख वर्षांपूर्वी तो संच सबंध दुप्पट झाल्याचे दिसले. दुप्पट झाले की एक प्रत जुने काम सांभाळते, दुसरी मोकळी असते. ती चुकते, बदलते आणि कधीतरी नवाच रेणू करू लागते. बहुतेक चुका वाया जातात. ज्या एखाद्या चुकीमुळे पाने कमी कुरतडली जातात, ती टिकते. उत्क्रांती म्हणजे एवढेच. तिच्यात हेतू शोधायला जाऊ नये. आपल्या मराठी लेखनात ‘झाडाने विचार केला’ अशी वाक्ये फार सहज येतात. मीही लिहितो, कारण त्यांवाचून वाक्य पुढे सरकत नाही; वाचकाने ती चालवून घ्यावीत, पण खरी मानू नयेत.

या चढाओढीचे वय किती, याचा एक पुरावा विदर्भात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांत गवताचे सिलिकाकण दाखवले, आणि गवते डायनोसॉरांच्या काळात नव्हतीच हा समज मोडला. पानात काचेसारखे सिलिका भरून दात झिजवायचे, हा गवतांचा मूळ बचाव. रोशाच्या कुळीने त्यावर सुगंधी तेलाची भर घातली. मनावर-बाघ पट्ट्यातल्या वाचकाला हा काळ परका वाटायचे कारण नाही. त्याच्या परिसरात चुनखडीतून सागरी शिंपले निघतात आणि डायनोसॉरची अंडी दगड होऊन पडलेली आहेत.

आता सह्याद्रीकडे वळतो, कारण या पुस्तकातली बहुतेक फुले तिथली आहेत. मनावरच्या आसपासचा काळा कातळ आणि कासच्या पठाराखालचा कातळ एकाच लाव्ह्याचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला. मग निमाडात प्रदेशनिष्ठ फुले मोजकी आणि साताऱ्याच्या माथ्यावर एवढी का? माझ्या मते उत्तर मोकळ्या वाटेत आहे. नर्मदेचे खोरे हा मोठा हमरस्ता आहे. पूर्वेकडून पश्चिमेकडे बी जात-येत राहते, वस्ती तुटत नाही, आणि जी वनस्पती टिकते ती लांबवर पसरलेली असते: पळस, सालई, खैर, रोशा. सह्याद्रीचा माथा मात्र तुकड्यातुकड्यांचा आहे. लाल-काळ्या जांभ्याची टोपी घातलेला एक सडा, मग हजार फुटांची दरी, मग दुसरा सडा. एका सड्यावरचे बी दुसऱ्यावर पोहोचणे कठीण, त्यामुळे प्रत्येक सडा हे बेटच.

त्या बेटावरचे जिणेही सोपे नाही. कासला माती काही ठिकाणी बोटभर असते. जांभा धुऊन निघालेला. लोह आणि ॲल्युमिनियम राहिले, नत्र आणि स्फुरद पाण्याबरोबर गेले. चार महिने पाय बुडतील एवढे पाणी, आठ महिने तापलेला कातळ. १९८५ साली फिलिस कोली आणि त्यांच्या सहलेखकांनी असा विचार मांडला होता की जिथे पोषण कमी आणि वाढ हळू, तिथे हरवलेले पान पुन्हा उभे करणे महाग पडते, म्हणून झाडाला बचावाच्या रसायनांवर जास्त खर्च करणे परवडते. कासच्या फुलांकडे या नजरेने पाहिले तर त्यांचा रंगोत्सव हिशेबाच्या वहीसारखा वाचता येतो. सोनकीच्या वंशात पायरोलिझिडीन अल्कलॉइडे. तेरड्यांच्या वंशात मेंदीच्या रंगाची नातेवाईक नॅफ्थोक्विनोने, आणि उतींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया. कुरडूचा गुलाबी रंग बीटलेनचा, तर शेजारच्या बहुतेक निळ्या-जांभळ्या फुलांचा रंग अँथोसायनिनचा. या दोन रंगद्रव्यांची कामे मिळतीजुळती, पण एका वनस्पतीत ती दोन्ही एकत्र आढळत नाहीत. दवबिंदूला मातीतून नत्र मिळत नाही म्हणून तो चिकट केसांवर किडा पकडतो. त्याच्या वंशातल्या जातींत जे प्लंबॅजिन असते, ते आपल्या परसातल्या चित्रकाच्या मुळातही असते. इथेही तोच अनुभव: रेणू दोन घरी, गाव मात्र वेगळे.

२०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा ठरली आणि त्यांत कास आले. तेव्हापासून सप्टेंबरातली गर्दी, तिकिटे आणि कुंपणाचे वाद यांवर इतके छापून आले आहे की इथे पुन्हा लिहीत नाही.

एका फुलाजवळ मात्र थांबायला हवे. कंदीलपुष्प, खरपुडी, खरचुडी, गावागणिक नाव वेगळे. शास्त्रीय वंश सेरोपेजिया, रुईच्या कुळातला. जमिनीत बटाट्यासारखा कंद, वर गवतात लपलेली वेल किंवा वीतभर खोड. फूल उभे धरून पाहावे. खाली फुगीर पेला, त्यावर अरुंद नळी, आणि माथ्यावर पाच पाकळ्या टोकांशी जुळून झालेला पिंजरा. पिंजऱ्याच्या फटींतून बारीक माशी आत शिरते. नळीच्या आतल्या भिंतीवर खाली वळलेले ताठ केस आहेत. उतरताना ते अडवत नाहीत, वर येताना अडवतात. पेल्याच्या तळाशी परागांच्या दोन पुड्या एका चिमट्याला लटकवून ठेवलेल्या असतात आणि मध शोधणाऱ्या माशीच्या सोंडेला तो चिमटा चिकटतो. साधारण एक दिवस माशी कैदेत राहते. मग केस मरगळतात, वाट मोकळी होते, आणि पुडी घेऊन निघालेली माशी पुन्हा दुसऱ्या कंदिलात फसते. ती दुसऱ्यांदा फसली नाही, तर खरपुडीला शेंग नाही.

माशी मुळात का येते? याचे सर्वांत चांगले उत्तर दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडरसोनी या जातीवर मिळाले. ॲनेमारी हायडुक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले की त्या फुलाचा वास घायाळ मधमाशीसारखा असतो. कोळ्याने मधमाशी धरली की तिच्या शरीरातून धोक्याचे इशारागंध सुटतात आणि देस्मोमेटोपा नावाच्या चिमुकल्या माशा ती मेजवानी वाटून खायला धावतात. फूल नेमके तेच गंध सोडते. त्या मिश्रणात माशांना खेचणारे मोजके रेणू संशोधकांनी वेगळे काढले, आणि त्यांतला एक होता जिरॅनिऑल.

तोच, रोशाचा. मधमाश्यांच्या शेपटीकडच्या गंधग्रंथीतही तो असतो. पोळ्याची वाट दाखवायला त्या तो वापरतात. म्हणजे हा एक रेणू निमाडच्या गवतात बुरशी आणि किडीला रोखायला, गुलाबात आकर्षणाला, मधमाशीत वाट दाखवायला आणि कंदिलात फसवणुकीला. माझे म्हणणे एवढेच आहे: दुर्मीळ फुलात रेणू दुर्मीळ असतोच असे नाही. दुर्मीळ असते ती जुळणी. कोणता रेणू कशाच्या संगतीत, किती प्रमाणात, कोणत्या महिन्यात, कोणत्या आकाराच्या नळीतून, कोणत्या माशीसाठी. ही जुळणी एका कड्यावर लाखो वर्षे घडत येते आणि त्या कड्याबाहेर तिला अर्थ राहत नाही.

सेरोपेजियाच्या वंशातच हे पारखता येते. सेरोपेजिया बल्बोसा ही जात पंजाबपासून दक्षिण भारतापर्यंत पसरलेली, मध्य प्रदेशातही आहे. तिचीच भावंडे सह्याद्रीत एकेका डोंगराला धरून बसली आहेत. नाशिकजवळच्या अंजनेरीवरून २००६ साली सेरोपेजिया अंजनेरिका वर्णिली गेली. त्याच वर्षी मालवणच्या जांभ्यावरून सेरोपेजिया मोहनरामी. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे एम. वाय. अन्सारी यांनी १९८४ मध्ये या वंशाचा भारतीय आढावा प्रसिद्ध केला होता, आणि नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या कंदिलांचा शोध, वर्गीकरण आणि बागेतली जोपासना ही कामे चिकाटीने केली. नव्या जाती कागदावर आल्या त्या त्यांच्या पायपिटीमुळे. रुईच्याच कुळातली शिंदळ माकुडी, जुन्नरच्या शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या कड्यांवर लटकणारी, तिचे वर्णन डाल्झेलने १८६०च्या दशकात केले आणि मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर बार्टल फ्रीअर याचे नाव तिला दिले. तिच्या जवळच्या नात्यातली बहुतेक मंडळी निष्पर्ण. ही एकटी चांगली पाने बाळगून आहे. ती वेगळा वंश, की बूसरोसिया वंशातलीच एक, यावर वर्गीकरणात मत बदलले; कड्यावरच्या रोपाला त्याने फरक पडला नाही.

रेणू दुर्मीळ नसतो या विधानाची दुसरी साक्ष आणखी कडवट आहे. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत उत्तर कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासोबत काम करत होते. १९६६ साली त्यांनी चीनमधल्या कॅम्प्टोथेका या झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. पुढे १९७१ मध्ये टॅक्सॉलही त्यांनीच. कर्करोगाच्या औषधांत ही दोन नावे किती वजनाची आहेत हे डॉक्टर सांगतील. १९७२ साली मुंबईच्या गोरेगावातल्या प्रयोगशाळेत टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना तोच रेणू आपल्या पश्चिम घाटातल्या नरक्यात सापडला. नरक्या म्हणजे नोथापोडायटिस निम्मोनियाना. फुलाला दुर्गंधी, म्हणून नावही तसेच. चिनी झाडाशी याचे कूळ लागत नाही. आणि हाच रेणू कॉफीच्या कुळातल्या ऑफिओरायझा या सावलीतल्या छोट्या रोपातही आहे. तीन कुळे, तीन आकार, एक विष.

हे विष पेशीतल्या टोपोआयसोमरेज नावाच्या प्रथिनाला अडकवून डीएनएची प्रत काढणे थांबवते. मग झाड स्वतः कसे जगते? जपानमधल्या चिबा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की कॅम्प्टोथेका आणि ऑफिओरायझाच्या विष बनवणाऱ्या जातींत ते प्रथिनच बदलले आहे, आणि त्यांतला एक बदल नेमका तोच, जो या औषधाला दाद न देणाऱ्या माणसाच्या रक्ताच्या कर्कपेशींत आढळला होता. झाडाने लाखो वर्षांत जे केले ते कर्कपेशी काही महिन्यांत करते. उत्क्रांतीचा धडा वर्गात शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत ते नाही याचे मला वैषम्य वाटते.

पण या शोधाची किंमत नरक्याने मोजली. १९९६ मध्ये या रेणूपासून घडवलेली टोपोटिकान आणि इरिनोटिकान ही औषधे अमेरिकेत मान्य झाली, मागणी वाढली, आणि घाटातून लाकूड व मुळ्या पोत्यांनी जाऊ लागल्या. पाने तोडली तर झाड पुन्हा फुटते. मूळ खणले की विषय संपला. म्हणून ‘या फुलात अमुक रसायन आहे, म्हणून ते वाचवा’ हा युक्तिवाद ऐकला की मला धास्ती वाटते. सभेत टाळ्या मिळतात, अनुदानही मिळते, पण त्याच वाक्याने व्यापाऱ्याला रानाचा पत्ता मिळतो. रेणू प्रयोगशाळेत करता आला, किंवा दुसऱ्या स्वस्त झाडात मिळाला, तर मग या युक्तिवादाप्रमाणे रानातले फूल वाचवायचे कारणच उरत नाही. वाचवायची ती जुळणी. रेणू कुठेही मिळेल.

याच कारणाने बागेतल्या संवर्धनाकडे मी आदराने पण सावधपणे पाहतो. कंद कुंडीत जगतो, वेल वाढते, कंदीलही लागतात. वंश नाहीसा होण्यापासून वाचतो, हे मोठेच काम. पण कुंडीच्या शेजारी ती माशी नसेल, तिला भुलवणारी कोळ्याची शिकार नसेल, तर तो गंध रिकाम्या खोलीत बोलल्यासारखा वाया जातो आणि पिढ्यान्‌पिढ्या तशाच गेल्या तर तो टिकून राहायला निवडीचा दाबही नसतो. कडा राखणे बागेपेक्षा स्वस्त आहे, फक्त त्याचे उद्घाटन करता येत नाही.

या पुस्तकात जी टिपणे एकत्र केली आहेत, ती याच दृष्टीने वाचावीत असे मला वाटते. काही प्रकरणांत रसायनशास्त्र जास्त आहे. सूत्रांच्या आकृत्या नको वाटल्या तर सरळ ओलांडा, मजकूर तुटत नाही. रंगद्रव्यांवरचे प्रकरण मला सर्वांत सरस वाटले. औषधी गुणांवरचे प्रकरण मात्र अधिक कठोरपणे छाटायला हवे होते, हे लेखकांना मी सांगितले आहे आणि त्यांनी हसून सोडून दिले आहे. धार-देवासच्या मराठी घरांतून वाढलेल्या वाचकांना एक तक्रार असेल की आपल्या मुलखातली फुले यात थोडीच आहेत. ती रास्त आहे, पण पुस्तकाचा त्यात दोष नाही. लांबवर पसरलेल्या वनस्पतींचा अभ्यास दुर्मीळ वनस्पतींइतक्या हौसेने आपल्याकडे होत नाही. मनावर, कुक्षी, बाघ या भागातल्या महाविद्यालयांतून मोतिया आणि सोफिया कुठे कुठे उभ्या आहेत याचा नकाशा कोणी केला तर तो या पुस्तकाइतकाच मोलाचा होईल. त्याला यंत्रे कमी लागतात आणि नाक जास्त.

शेवटी एक विनंती. हे पुस्तक हातात घेऊन कोणी सड्यावर किंवा किल्ल्यावर गेला आणि त्याला खरपुडी किंवा शिंदळ माकुडी सापडली, तर कंद उकरू नये, फूल तोडू नये, आणि छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकायचेच असेल तर जागेचे नाव आणि मोबाइलमधली ठिकाणाची नोंद काढून मगच टाकावे. अशा वनस्पतींच्या वस्त्या किती लहान असतात हे पुढच्या पानांत कळेलच; एका पत्त्यावर सगळी वस्ती उचलली जाऊ शकते. नोंद द्यायचीच तर जवळच्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला द्यावी, आणि सोबत त्या फुलाभोवती दिसलेल्या माशांची नोंदही जरूर द्यावी.